घाटात सुटलेला हार

शरच्चंद्राची दोन सीटची विलायती गाडी म्हणजे लाल रंगाचा पांढरा हत्तीच. पगार कॉलेजातल्या मास्तराचा आणि हौस ही असली! तुळजापूरच्या घाटात तिचं तेल दोनदा तापलं, अन् दोन्ही वेळा प्रभाला ट्रकमधून धूळ खात घरी यावं लागलं. मग तिनं नवऱ्याला सांगून टाकलं, "आता घाटात थांबली की नातेपुत्याच्या आबासाहेबांना देऊन टाकायची." आबासाहेब ती घ्यायला टपूनच होते.

इंजिनाचं तेल गार ठेवायला ऑइल कूलर बसवायचा ठरला. एक साधा होता, सदा गार करणारा. दुसरा थर्मोस्टॅटचा, तेल पुरतं तापल्याशिवाय त्याला कूलरची वाट न देणारा.

"सोलापुरात थंडी कुठली? साधाच घेऊ," शरच्चंद्र म्हणाला.

"तवा तापल्याशिवाय भाकरी टाकतं का कुणी?" प्रभा म्हणाली. "सकाळच्या गार तेलाला आणखी कशाला गार करायचं?"

थर्मोस्टॅटचाच आणून पुढच्या जाळीमागे बसवला.

खंडेनवमीला शरच्चंद्राच्या आईनं, गोदावरीबाईंनी, गाडीची पूजा केली आणि त्या जाळीवर मनगटाएवढा जाड झेंडूचा हार बांधला. आईनं बांधलेला हार काढायची कुणाची छाती? दसऱ्याला गाडी तो तसाच मिरवत दोघांना घेऊन तुळजापूरला निघाली.

घाट लागला आणि तेलाचा काटा चढू लागला. अर्ध्या घाटात तो लाल रेघेला टेकला. शरच्चंद्रानं गाडी कडेला घेऊन बंद केली.

"तुझा थर्मोस्टॅट अडकला बघ," तो चिडून म्हणाला. "गेली गाडी."

प्रभा उतरून पुढे गेली. वाऱ्यानं हार जाळीला गच्च चिकटला होता. कूलरला वारा लागणार कसा? तिनं गाठी सोडल्या आणि हार मांडीवर घेऊन बसली. "आईंना मी सांगेन."

तेल निवल्यावर गाडी निघाली. काटा मध्यापर्यंत चढला आणि माथा येईतो तिथंच राहिला.

माथ्यावर शरच्चंद्र थांबला. "पण घाटात थांबलीच की गं. शब्द म्हणजे शब्द."

"ती कुठं थांबली? मी हार काढायला उतरले होते."

शरच्चंद्राला भरून आलं. हिचे उपकार कसे फेडायचे, त्याला कळेना. त्यानं हार उचलला आणि तिच्या गळ्यात घातला. मागून आलेल्या एस.टी.तली माणसं खिडक्यांतून वाकून बघू लागली.

"अहो, लोक बघताहेत," प्रभा म्हणाली. हार मात्र तिनं थेट देवळापर्यंत काढला नाही.