पानामागची धूळ

मित्रांनो, मी एक जुना पितळी फवारा आहे. जन्मानं मात्र मी स्टोव्ह. घरोघरी गॅस आला आणि माझ्यासारखे स्टोव्ह मोडीत निघाले. कोल्हापुरात रफिकभाईंच्या दुरुस्तीच्या टपरीत मी वर्षभर धूळ खात पडलो होतो. एक दिवस त्यांनी माझा बर्नर काढला, तिथं बारीक भोकाची तोटी बसवली, पंपाला चामड्याचा नवा वायसर घातला आणि रॉकेलचा वास जाईपर्यंत मला सोड्यानं धुतलं. आता हवा भरून तोटी उघडली की माझ्यातून पाणी धुक्यासारखं उडायचं. १९९३ साली शालूबाईंनी मला विकत नेलं.

शालूबाई राजारामपुरीतल्या एका बोळात इस्त्रीचं दुकान चालवायच्या. दुकान म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. नवरा वारलेला, घरात त्या आणि मुलगी शिवानी. सकाळी कोळशाची इस्त्री पेटली की मी कामाला लागायचो. माझ्या पाण्यानं कपड्याला कशी कडक घडी बसते, हे शालूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायच्या. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

बारावी झाल्यावर शिवानीनं गुलाबाचं एक रोप आणलं. बुटकंसं, करंगळीच्या पेराएवढ्या गुलाबी फुलांचं. बोळात ऊन येत नव्हतं, म्हणून कुंडी खोलीतच, उगवतीच्या खिडकीतल्या फळीवर ठेवली. कॉलेजला निघण्याआधी शिवानी मला उचलायची आणि रोपाच्या पानापानावर पाणी उडवायची. दिवसभरात तेवढंच काम मला खेळासारखं वाटे.

पुढच्या पावसाळ्यात ती मलूल दिसू लागली. गणपती तोंडावर आले होते, कपड्यांची गाठोडी भिंतीला टेकली होती. पोरगी अभ्यासानं जागत असेल, असं शालूबाईंना वाटलं. तिचे डोळे पिवळे झालेत, हे एका गिऱ्हाइकानं दाखवलं तेव्हा कावीळ पार मुरली होती. अकरा दिवसांत शिवानी गेली.

शालूबाई पुन्हा इस्त्रीपुढं उभ्या राहिल्या. कुंडीत त्या रोज तांब्याभर पाणी ओतायच्या, पण मला घेऊन पानांवर पाणी उडवणं काही त्यांच्या हातून होईना. एकदा मला उचलून त्या खिडकीपर्यंत गेल्या आणि तशाच मागं फिरल्या.

उन्हाळा आला. लग्नसराईमुळं इस्त्री दिवस मावळेपर्यंत विझत नव्हती आणि खोलीतली हवा भाजून कोरडी पडली होती. गुलाबाच्या पानांवर सुईनं टोचल्यासारखे फिकट ठिपके उठले. मग पानं करडी-पिवळी पडली, काड्यांमधे बारीक जाळी दिसू लागली. शालूबाईंना वाटलं, धूळ बसली असेल. त्यांनी जाळी पुसली, पाणी वाढवलं. पानं गळतच राहिली.

शेजारच्या गुंडूचं शिरोळला शेत होतं. त्यानं तिथलं उरलेलं कीडनाशक आणून दिलं आणि ते माझ्यातच भरलं. आजवर मी पाणीच उडवलं होतं, मित्रांनो. त्या दिवशी माझ्या तोंडून विष उडालं. शालूबाईंना दोन दिवस खोकला लागला. रोप आठवडाभर बरं वाटलं आणि मग पूर्वीपेक्षा दुपटीनं सुकलं. उमलू लागलेल्या कळ्याही करपल्या. मला साबणानं तीनदा धुतलं, तरी मनातून ते गेलं नाही.

अशात नागसेन आपले कपडे न्यायला आला. कळंब्याच्या रस्त्याला त्याची छोटी रोपवाटिका होती. त्याचं लक्ष खिडकीकडं गेलं. इस्त्री केलेला स्वतःचाच पांढरा सदरा त्यानं पानाखाली धरला आणि पानावर टिचकी मारली. सदऱ्यावर धुळीचे कण पडले.

"बगा आक्का," तो म्हणाला, "धूळ चालती व्हय कधी?"

शालूबाई वाकल्या. कण चालत होते. नागसेननं बोट फिरवलं तशी सदऱ्यावर तांबूस रेघ उमटली. याला लाल कोळी म्हणतात, त्यानं सांगितलं. हे पानामागं बसून रस शोषतात. ही कोळ्याची जात, किड्याची नव्हे, त्यामुळं गुंडूच्या औषधानं हे मेले नाहीत, यांना खाणारे बारके किडे तेवढे मेले. उष्ण, कोरडी हवा यांना फार मानवते.

मग आम्ही तिघांनी झुंज दिली. खराब पानं कापून जाळली. दर चौथ्या दिवशी कुंडी मोरीत नेऊन, पानं उलटी करून मी जोरानं पाणी मारायचो, कधी किंचित साबणाचं. मागं राहिलेली अंडी फुटतात म्हणून पुन्हा पुन्हा. कोवळी पानं आली. पण इस्त्री तापली की पंधरा दिवसांत ठिपके परत उठायचे. तीनदा असं झालं.

शेवटी नागसेन म्हणाला की या खोलीत हे झाड जगणार नाही, माझ्याकडं द्या. शालूबाईंनी साफ नकार दिला. लेकीचं एवढंच उरलंय, म्हणाल्या. तो गेला. दोन महिने त्या एकट्याच पानं धूत राहिल्या. तीन काड्या आणि पाच पानं उरली, त्या दिवशी त्यांनीच त्याला निरोप धाडला.

कुंडी त्याच्या हाती देताना त्या हळू बोलल्या, "पिवळं पडल्यालं मला दोन्ही बारीला दिसलं न्हाय बग. त्या बारीला लई उशीर झाला. आता ह्येला जीव हाय तवर ने."

नागसेननं कुंडी दोन्ही हातांनी धरली. मग त्यांनी मलाही पुढं केलं. "ह्योबी ने. ह्येची सवय हाय तिला."

तिला, म्हणाल्या त्या.

तेव्हापासून मी रोपवाटिकेत आहे. वर्षभर शालूबाई आल्या नाहीत. दोन हजार सालच्या दिवाळीनंतर एका दुपारी बसमधून उतरल्या. गुलाब हातभर वाढला होता, वर चार फुलं होती. फुलांकडं त्यांनी पाहिलंच नाही. खाली बसल्या आणि एकेक पान उलटून बघू लागल्या. शेवटच्या पानापर्यंत सगळी हिरवी होती. मग पदर तोंडाला लावून त्या रडल्या. शिवानी गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. नागसेन म्हणाला, आता चांगलं झालंय, घेऊन जा. त्यांनी मान हलवली. घरी इस्त्री पेटलेली असती की, म्हणाल्या, आणि रिकाम्या हातानं बसकडं गेल्या.

आता माझा वायसर वाळलाय. हवा धरत नाही, कोपऱ्यात पडून असतो. त्याचं दुःख नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरात झाड असो की माणूस, वरचं फूल बघून पुढं जाऊ नका. घाईच्या दिवसांत तर मुळीच नाही. थोडं थांबा, पान उलटा, डोळ्यांत बघा. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला विचारता येतं.