पार्वताबाईचा डावा कान

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी आमच्या आळीत दोन जावांची जुंपली. टोपलीत गौराई बसवायची सोडून धाकटी सुनंदाबाई नुसती हातवारे करत होती. कारण काय, तर थोरली पार्वताबाई म्हणत होती, यंदा नदीवर पुढं मीच उभी राहणार.

"अक्का, पल्याडनी बाई काय बोलनी तेच तुले समजनं नही, ते जबाब काय देशी? बठ्ठा गावनं हसू व्हई."

"मना कान डॉक्टरनी नीट करेल शे."

"निम्मा करेल शे. कागद मी बी दखेल शे."

आमच्याकडं आखाजीला बाया गौराई बोळवायला नदीवर जातात. समोरच्या काठावर पल्याडच्या गावाच्या बाया, आणि दोन्हीकडं मागं ऐकायला बसलेले गडी. मग ढोलाच्या तालावर दोन्हीकडून गाण्यात उणीदुणी काढायची. शिवी बी चालते, पण जबाब तिथल्या तिथं पाहिजे. पार्वताबाई ह्यात वाघीण होती. पुढं दोन्ही कान वाहून वाहून पडदे गेले, आतली हाडकं सडली. सहा वर्षं ती मागच्या रांगेत उभी राहिली. बाकीच्या हसल्या की ही बी हसायची, कशाला ते ठाऊक नाही.

थंडीत जळगावला ऑपरेशन झालं. डाव्या कानात नवा पडदा बसवला, आणि सडक्या हाडकाच्या जागी तांदळाएवढं धातूचं हाडूक. तीन महिन्यांनी मशीनवर तपासून डॉक्टर म्हणाले, "कान चांगला सुधारला. शांततेत ऐकू येईल. गोंगाटात मात्र अडचण राहणार." गावानं शेवटचं वाक्य धरलं. पार्वताबाईनं मधलं.

दुपारी वाळू अशी तापलेली की पाय ठरेना. नदीला घोट्याएवढं पाणी. ढोल माझ्या गळ्यात, मी सुपडू, तीस वर्षं हेच करतो. पल्याडच्या प्रमिलाबाईनं पहिलं गाणं फेकलं. तिकडं हशा पिकला. पार्वताबाईनं डावा कान पुढं केला, आणि तिचं तोंड कोरं झालं. मला दिसलं ते. सुनंदाबाई कानाशी सांगायला वाकली, तर हिनं तिला कोपरानं मागं सारलं.

"सुपडूभाऊ, ढोल थांबाड."

"वैनी, ढोल थांबना ते आपलं गाव हारनं म्हनतीन."

"म्हनू दे. माले ऐकनं शे."

मी काठी खाली केली. पार्वताबाई सरळ पाण्यात उतरली.

"तुमना बी थांबाडा," ती पल्याड ओरडली. "प्रमिलाबाई, मना एक कान बहिरा शे, दुसरा निम्मा शे. तू काय बोलनी ते परत बोल. मंग जबाब ले."

सहा वर्षं स्वतःच्या तोंडानं कधी न सांगितलेली गोष्ट दोन गावांसमोर अशी टाकली, जसं धुणं टाकावं. तिकडचा ढोल थांबला. पोरं बी गप. आता ढोलाच्या आडून शिवी हाणणं वेगळं, आणि सासऱ्या-दिरांसमोर उघड्या शांततेत म्हणणं वेगळं. प्रमिलाबाईनं घसा खाकरला. आवाज निम्मा झालेला.

"अल्याडनी पारू, तुना कानमा खिया,
धनीनी मांगं पानी, तू दिधा इया."

म्हणजे, कानात खिळा बसवला तरी नवरा पाणी मागतो आणि ही विळा आणून देते.

पार्वताबाईनं शेवटपर्यंत ऐकलं. मग कमरेवर हात ठेवला.

"इया दिधा धनीले, त्यानी कापा चारा,
तुना धनी बाभूयखाले, बशी खास वारा."

म्हणजे, माझ्या धन्यानं त्या विळ्यानं चारा तरी कापला, तुझा नुसता बसून वारा खातो. प्रमिलाबाईचा नवरा खरंच बाभळीखाली पाय पसरून बसलेला. तो गडबडून उठला, टोपी शोधू लागला, आणि मग दोन्ही काठ फुटले. पल्याडच्या बाया जास्त हसल्या.

"अक्का, आते तरी ढोल वाजाडू दे," सुनंदाबाई डोळे पुसत म्हणाली.

"नको. आते तिनी पाळी शे."

प्रमिलाबाई जबाबासाठी शेजारणीच्या तोंडाकडं बघत होती, शेजारीण वाळूकडं. पार्वताबाई पाण्यात तशीच उभी, डावा कान तिकडं वळवून.

"बोल व माय," ती म्हणाली. "मी ऐकी ऱ्हायनू."