सातव्या डावातला फोन

बेसबॉलच्या मोसमाच्या पहिल्या सामन्याच्या दिवशी सिनसिनाटीत कोणी मन लावून काम करत नाही. अल्व्हेरा नीहाउस तर साबणाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेतून निवृत्तच झाली होती. तिने रेडिओ स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला, गोएट्याचे, म्हणजे मांस आणि ओटच्या वडीचे, काप तव्यावर खरपूस परतले आणि टेलिफोनजवळची खुर्ची धरली.

दरवर्षी सातव्या डावाच्या मध्याला, मैदानातले लोक पाय मोकळे करायला उभे राहिले, की इंडियानापोलिसहून नॉर्बर्टचा फोन यायचा. नॉर्बर्ट तिचा धाकटा भाऊ. लग्न करून तिकडे गेल्यापासून त्याचं एकही वर्ष चुकलं नव्हतं. पण गेल्या नाताळात जेवता जेवता राष्ट्राध्यक्षांवरून दोघांचं कडाक्याचं वाजलं. "त्या माणसाची बाजू घेतोस? बाबांनी तुला भरल्या ताटावरून उठवलं असतं," असं ती बोलून गेली होती. तो खरंच उठला, कोट घेतला आणि निघून गेला. तेव्हापासून दोघांत एक शब्द नाही.

शेजारची मिल्ड्रेड मागच्या दाराने आली. हातात सिनेमाचं मासिक.

"चौथा नवरा सोडला गं तिने!"

"कोणी?"

"कोणी म्हणजे? सगळं जग बोलतंय, आणि तू विचारतेस कोणी! लग्नात घातलेल्या हिऱ्यांचं आता काय होणार सांग."

डाव संपला की रेडिओवर बातम्या लागत. त्यात ती नटी होतीच. सिनेटमधल्या राष्ट्राध्यक्षांवरच्या सुनावणीचं नाव निघालं, तसा अल्व्हेराने आवाज बारीक केला.

पाचव्या डावात तिच्या ध्यानात आलं. समोरच्या संघाचा एकही फटका अजून लागला नव्हता, चेंडू मारून एकालाही पहिला तळ गाठता आला नव्हता. शेवटपर्यंत असंच राहिलं, तर लोक वर्षानुवर्षं सांगतील असा सामना. पण असं चाललेलं असताना ते कोणी तोंडाने बोलायचं नसतं. बोललं की नजर लागते. रेडिओवरचा निवेदकसुद्धा आडवळणाने बोलू लागला होता.

सहा वर्षांचा नॉर्बर्ट एकदा बोलला होता. बाबांनी दोघांना दाढदुखीची चिठ्ठी देऊन शाळेतून पळवून आणलं होतं, व्हरांड्यात काकामंडळी रेडिओभोवती बसली होती. "अजून एकालाही फटका लागलेला नाही!" नॉर्बर्ट ओरडला, आणि पुढच्याच चेंडूवर लागला. काकांनी त्याला उन्हाळाभर पांढऱ्या पायाचा म्हणून छळलं. रात्री पांघरुणाखाली तो मुसमुसत होता. अल्व्हेराने त्याला आपल्या खिशातलं शेंगदाण्यांचं पुडकं दिलं होतं. तेव्हापासून अशा वेळी तोंडाला कुलूप लावण्यात त्याच्याइतका कडक कोणी नव्हता.

सातव्या डावाचा मध्य आला. मैदानातला ऑर्गन वाजला. फोन वाजला नाही.

"अगं, अजून एकालाही—" मिल्ड्रेडने तोंड उघडलं.

"खा!" अल्व्हेराने तिच्या तोंडासमोर गोएट्याचा काप धरला.

निरीक्षण एक आणि स्पष्टीकरणं दोन. तो रागावला होता, किंवा नजर लागू नये म्हणून न बोलण्याचा नियम पाळत होता. फटका लागेपर्यंत कळायला मार्ग नव्हता. आठव्या डावात आपला पिचर चेंडू टाकायला उभा राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने मनात म्हटलं, लागू दे. एक लागू दे. म्हटलं आणि तिचे कान तापले.

लागला. साधा, मरतुकडा फटका, दोघा खेळाडूंच्या मधून घरंगळत गेलेला. सगळं मैदान हळहळलं.

"गेलं!" मिल्ड्रेड म्हणाली.

अल्व्हेरा फोनकडे पाहत राहिली. पुढचा फलंदाज आला, बाद होऊन गेला. फोन गप्पच. आता एकच स्पष्टीकरण उरलं होतं.

"तूच कर की," मिल्ड्रेड मासिकातून मान वर न करता म्हणाली.

"दरवर्षी तो करतो."

"मग बस वाट बघत."

तिने नंबर फिरवला. पहिली घंटा पुरी वाजायच्या आत पलीकडे रिसीव्हर उचलला गेला. त्याच्याकडेही तोच निवेदक बोलत होता.

"कोण बोललं?" नॉर्बर्टने विचारलं.

"काय?"

"कोणीतरी बोललं असणार. त्याशिवाय असला फटका लागत नाही. मिल्ड्रेड आहे ना तिथे?"

"तिच्या तोंडात घास होता. मीच मनात म्हटलं, एक लागू दे."

"अल्वी! आपल्याच पोरांविरुद्ध?"

"तुझा फोन येत नव्हता."



"हात फोनवरच होता," तो म्हणाला. "तू उचलशील की नाही, तेच कळत नव्हतं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "सहाव्या डावापासून मीही मनात 'एक लागू दे' म्हणत होतो. बायकोला सांगू नकोस."

अल्व्हेराला हसू फुटलं. ती काही बोलणार तोच तो म्हणाला, "थांब, थांब, टाकतोय."

दोघं सामना ऐकू लागली. रिसीव्हर कानाशी तसेच राहिले.