बारकं कोण घेतं?

टांकसाळीत कामाला जाणाऱ्या माणसाच्या खिशात एकही नाणं सापडायचं नाही. फाटकावरचा नियमच तसा होता. आत जाताना खिसे रिकामे आणि बाहेर येतानाही रिकामे. मध्येच एखादं नाणं निघालं तर ते घरून आणलेलं की आतून उचललेलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. त्यामुळे चहा घेतला की सुटे पैसे टपरीवरच सोडायची सवय सगळ्यांना लागली होती. पुढे पुढे कामगारांच्या वसाहतीतल्या दुकानदारांनी त्यावरही उपाय काढला. टांकसाळीचं गिऱ्हाईक दिसलं की भाव परस्पर पुढच्या नोटेपर्यंत चढवायचा. ही सोय गिऱ्हाइकाची म्हणून होती, पण भाव कधी चुकूनही मागच्या नोटेपर्यंत उतरला नाही.

तर अशा ह्या टांकसाळीत वहिनी देशातलं सगळ्यात लहान नाणं पाडायच्या यंत्रावर काम करायची. त्या नाण्याला खात्यात सगळे 'बारकं' म्हणायचे. आधी त्या यंत्रावर तिचा नवरा होता. तो आजारपणात गेला आणि त्याच्या जागी तिला घेतलं. खात्यातली माणसं त्याची दोस्तमंडळी, म्हणून पहिल्याच दिवसापासून ती सगळ्यांची वहिनी झाली, अगदी तिच्यापेक्षा वयाने मोठ्या असलेल्यांचीसुद्धा. वरून कोरी चकती यायची, दोन ठशांमध्ये दाबली जायची आणि चकचकीत बारकं खाली पडायचं. ठसा केसभर सरकला तरी ते नाणं बाद. वहिनीची नजर अशी तयार झाली होती की घरी पोळपाटावरची चपाती एका बाजूला झुकली तरी तिचा हात बाद करायला पुढे यायचा.

घरी ती आणि सासू, दोघीच. सासूला आपल्या मुलाच्या कामाचा भारी अभिमान. भाजी घेताना, जिन्यात, डॉक्टरकडे नंबर लावून बसली असताना, कुठेही ती सांगत सुटायची, "तुमच्या खिशात आत्ता जे बारकं आहे ना, ते माझ्या मुलानं पाडलेलं. आता माझी सून पाडते." समोरच्याच्या खिशात बारकं असो नसो, तो बिचारा मान हलवायचा. वहिनी शेजारीच उभी असायची. तिला लाजल्यासारखं व्हायचं, पण आतून बरंही वाटायचं. नवरा गेल्यावर त्याचं म्हणून घरात राहिलं होतं ते हे एवढंच.

आणि मग सरकारच्या मनात आलं की बारकं बंद करावं. ते पाडायला जेवढा खर्च येतो तेवढी त्याची किंमतही नाही, असा कुणीतरी शोध लावला होता. एक समिती नेमली गेली. समिती टांकसाळीत येऊन कामगारांचं म्हणणं ऐकणार असं ठरलं, आणि युनियनचा सेक्रेटरी तडक वहिनीच्या यंत्रापाशी आला.

"वहिनी, आपल्या खात्यातर्फे तुम्ही बोलायचं."

"मी? मला काय बोलता येतं, भाऊजी?"

"बोलायचं मी बघतो, तुम्ही फक्त पाठ करा. मी उभा राहिलो तर म्हणतील, ह्याची खुर्ची जाते म्हणून ओरडतोय. तुम्ही उभ्या राहिलात की समितीच्या पोटात कालवाकालव होईल."

त्याने भाषण लिहून दिलं ते होतं झकास. बारकं म्हणजे गरिबाचा आधार. बारकं गेलं की व्यापारी भाव वर ढकलणार आणि चिमटा बसणार तो गरिबाला. वहिनीला ते पटलंही. ती स्वयंपाक करताना ते म्हणायची आणि सासू पलीकडून चुका काढायची. पण एका वाक्यापाशी ती दर वेळी अडखळायची. 'बाजारात रोज माझ्या हातातून हे नाणं जातं.' कुठलं जातं? तिने आठवून पाहिलं. बाजारात बारकं दिल्याचं तिला आठवेचना. घरातले डबे, कपाटाचे खण, नवऱ्याचे जुने कोट, सगळं धुंडाळलं. डोंगराएवढी बारकी पाडणाऱ्या बाईच्या घरात औषधालासुद्धा एक बारकं निघालं नाही. तिचं तिलाच हसू आलं.

सुट्टीच्या दिवशी ती बँकेत गेली. कॅशियरने तिची मागणी ऐकून चष्मा काढला. "बाई, लोक ही आमच्याकडे आणून टाकतात. मागायला आलेल्या तुम्हीच पहिल्या." तरी त्याने मूठभर बारकी दिली, आणि वर एक जास्तही देऊ केलं.

वसाहतीतल्या दुकानांत जाऊन उपयोग नव्हता, तिथे तिला सगळे ओळखत. म्हणून ती पुलापलीकडच्या बाजारात गेली. भाजीवालीने हातावरची बारकी बघितली आणि म्हणाली, "ताई, ही राहू द्या तुमच्याकडेच. मिरच्या अशाच घेऊन जा." औषधांच्या दुकानातल्या माणसाने दोन बोटांनी बारकं उचललं आणि झुरळ बाहेर टाकावं तसं तिच्याकडे सरकवलं. बसच्या कंडक्टरला तर तिने हट्टाने दिलं. त्याने ते घेतलं, तिकीट दिलं आणि तिच्या डोळ्यांदेखत खिडकीबाहेर टाकलं. वहिनी इतकी चिडली की पुढच्याच थांब्यावर उतरली. नियमाने बघितलं तर तो सरकारी नाण्याचा अपमान होता. पण तिला सरकारचं काही पडलं नव्हतं. ते नाणं तिने बघून, पारखून पाठवलेलं होतं.

जिथे ती उतरली तिथे कारखान्यांची गल्ली होती. एका गोदामावर एक माणूस शिडीवर चढून पत्रे बसवत होता. प्रत्येक स्क्रूखाली काहीतरी गोल चमकत होतं. ती चमक वहिनीने झोपेतही ओळखली असती.

"काय लावताय हो ते?" तिने खालून विचारलं.

"बारकं, ताई!" तो माणूस खुशीत होता. "मधोमध भोक पाडलं की झाला वॉशर. दुकानातला वॉशर ह्याच्यापेक्षा महाग पडतो. आणि माल काय आहे! गंजत नाही, वाकत नाही, एकासारखं एक. ज्यानं कुणी बनवलंय त्याला मानलं पाहिजे. तुमच्याकडे आहेत का?"

वहिनीने मूठ उघडून सगळी त्याला देऊन टाकली. दिवसभरात बारकं आनंदाने घेणारा तेवढा एकच माणूस भेटला. ती घरी चालत निघाली, आणि चालता चालता तिला रडू आलं. नवरा त्या यंत्रापुढे उभा राहून राहून पाठीतून वाकला होता. रात्री तेलाचा वास अंगावर घेऊन यायचा, आणि ती त्याला विचारायची, आज किती पोती भरली? सगळ्या देशाला पुरेल एवढं करून आला म्हणून तिला त्याचं केवढं कौतुक वाटायचं! ते सगळं पत्र्यांना लावायला? स्वतःचं तिने कसंही गिळलं असतं. पण सासूला हे कळलं तर म्हातारीकडे काय उरणार?

"गेलं का बारकं?" दारातच सासूने विचारलं.

"हातोहात गेलं, आई," वहिनी म्हणाली, आणि भाजी धुवायला आत पळाली.

समितीपुढे सासू यायला नको होती. वहिनीने पायदुखीची आठवण करून दिली, उन्हाची भीती घातली. सासू म्हणाली, "माझ्या मुलाच्या नाण्याचा निकाल लागणार आणि मी घरात लसूण सोलत बसू?" झालं, ती आली. टांकसाळीच्या कँटीनमध्ये टेबलं बाजूला सारून खुर्च्या मांडल्या होत्या, आणि सासू दुसऱ्या रांगेत ताठ बसली होती.

समितीच्या अध्यक्ष एक वयस्क बाई होत्या, मऊ बोलणाऱ्या. वहिनीने भाषण सुरू केलं. गरिबाचा आधार झाला, व्यापाऱ्यांचा चिमटा झाला. अडखळायच्या वाक्याशी ती आली आणि तिथे थांबली. अध्यक्षबाईंना वाटलं, ही घाबरली. त्या म्हणाल्या, "असू द्या. पाठ केलेलं राहू द्या. तुम्ही स्वतः बाजारात बारकं देता तेव्हा कोण घेतं, तेवढं सांगा."

वहिनीने सासूकडे पाहिलं. सासू तिच्याकडेच बघत होती. भाजीवाली घेते, औषधवाला घेतो, असं म्हणायला काही लागत नव्हतं. घरी तर तिने ते म्हटलंच होतं. सेक्रेटरी मागून खुणावत होता. पण ज्या बाईने केसभर सरकलेला ठसा कधी पुढे जाऊ दिला नाही, तिला हे एक वाक्य पुढे जाऊ देता येईना.

"पत्रे बसवणारा घेतो," ती म्हणाली. "भोक पाडून वॉशर करतो. बाकी कुणी घेत नाही."

मागच्या रांगांत हसू फुटलं. सासू हसली नाही.

"मग तुमचं मत काय? बंद करावं?"

"करा." वहिनी म्हणाली. "आम्ही जीव लावून करतो, बाई. एक नाणं वाकडं जाऊ देत नाही. ते कुणी हातात घेत नसेल तर आम्हाला करायला लावू नका. माणसं घेतील असं काहीतरी पाडायला द्या. आमच्या हातांना ते येतं."

अध्यक्षबाईंनी मान हलवली. खातं बंद झालं तर कुणाकुणाला मोठ्या नाण्यांकडे घेता येईल ते बघू, पण सगळ्यांना घेता येईल असं वचन आपल्याला देता येणार नाही, असं त्यांनी सरळच सांगितलं. दारात सेक्रेटरीने वहिनीला गाठलं. "वाट लावलीत, वहिनी. अख्ख्या खात्याची वाट लावलीत." तो रागात होता, आणि त्याचं चुकत नव्हतं. त्याच्या घरात खाणारी सहा तोंडं होती. वहिनी खाली मान घालून उभी राहिली. पहिल्यांदा बाद होणार होतं ते तर तिचंच यंत्र.

फाटकाबाहेर पडून दोघी घराकडे निघाल्या. सासू पाय ओढत चालत होती. शेवटी वहिनीलाच राहवेना.

"आई, मी घरी खोटं बोलले. तुम्हाला लागेल म्हणून. ह्यांनी एवढी वर्षं..."

"तो मला रोज सांगायचा," सासू म्हणाली.

"काय सांगायचा?"

"तू आत स्वयंपाक करत असायचीस. तो उंबऱ्यावर बसून बूट काढायचा आणि हळूच म्हणायचा, आई, आजही दिवसभर कुणाला नको असलेलं पाडून आलो. स्वतःच हसायचा. पत्रेवाल्यांचं पण त्याला माहीत होतं. म्हणायचा, निदान कुणाचं तरी छप्पर गळत नाही." सासूने डोळे पुसले. "मला बजावून ठेवलं होतं, तिला सांगू नकोस. तिला माझं फार कौतुक आहे, ते तसंच राहू दे."

वहिनी रस्त्यातच उभी राहिली. मागून आलेला सायकलवाला घंटी वाजवून, काहीतरी पुटपुटून बाजूने गेला. नवऱ्याचा थकलेला चेहरा तिच्यासमोर आला. आज किती पोती, असं तिने विचारलं की तो मोठ्ठा आकडा सांगायचा आणि तिच्याकडे बघत राहायचा.

"मग आई," तिने विचारलं, "तुम्हाला सगळं माहीत होतं, तर भाजीवालीला, डॉक्टरला, जिन्यातल्या बायकांना, एवढी वर्षं सगळ्यांना सांगत का सुटायचात?"

"तू शेजारी उभी असायचीस म्हणून," सासू म्हणाली, आणि तिने आधारासाठी सुनेचा दंड धरला.