धाव्याला वर कसं काढलं

"आज गहू घरी आणायचा म्हणजे आणायचा," बायको म्हणाली. "जरा आभाळाकडं बघा."

मी बघितलं. पार डोंगराच्या मागं मूठभर ढग होता.

"त्याला इथवर यायला परवा उजाडेल," मी म्हणालो.

"आणि तोही तुमच्यासारखाच असला तर? तुम्हाला कुणी हाक मारायचा अवकाश, पायात वहाणा नसल्या तरी पोचलेले असता."

हे मात्र खरं. गावात मला धाव्या म्हणतात. कुणाचं काही अडलं की मी आधी हजर. तिथं जाऊन माझा उपयोग किती होतो, ते विचारू नका. न्हाव्याचं छप्पर शाकारायला गेलो, तर छपरातून थेट त्याच्या चुलीपाशी उतरलो. गवळ्याची म्हैस हरवली म्हणून रानात शिरलो. म्हैस आपली आपण घरी आली आणि गवळी मला शोधत फिरला. पण मला आपलं वाटायचं, मी आहे म्हणून गाव चाललंय. एखाद्याचं दुखणं कानावर आलं की छाती कशी भरून यायची. चला, आता मी जाणार!

तर बैल जुंपले आणि निघालो. गहू कापून रानात पडला होता. पेंढ्या बांधून झाल्या होत्या, फक्त गाडीत भरून आणायच्या. वर्षभराचं खाणं ते. ऊन असं चटचटत होतं की ढेकळांवर पाय ठेववत नव्हता. वारा मात्र पडलेला. बायको गाडीमागून चालत होती आणि सारखी मागं वळून डोंगराकडं बघत होती.

वाटेत मावशीचं घर लागतं. ती कुणाची सख्खी मावशी ते कुणालाच सांगता येणार नाही, पण म्हणतात सगळेच. एकटी राहते. तिच्या घरात बोलायला म्हणून कोण असेल तर तिची शेळी, आणि ती शेळी तेव्हा गाभण होती.

"धाव रे, धाव! माझी शेळी विहिरीत पडली!"

झालं. मी गाडीतून उडी टाकली.

"अहो, थांबा!" बायको ओरडली. "दोर कुणाच्या तरी हातात देऊन मग उतरा!"

तिचं बोलणं पुरं होईतो मी दोर खांद्यावर टाकून अर्ध्या विहिरीत होतो. विहीर जुनी, पायऱ्या ढासळलेल्या, तळाला कमरेएवढं पाणी आणि त्याखाली गाळ. शेळी एका कोपऱ्यात थरथरत उभी होती. मी म्हटलं, "घाबरू नकोस बाई, मी आलोय." ते ऐकून ती जास्तच घाबरली असावी. तिनं माझ्या पोटात अशी धडक दिली की मी बसलोच पाण्यात. कसाबसा तिच्या पोटाखालून दोर घेतला, गाठ मारली आणि दोराचं दुसरं टोक वर फेकलं. तिसऱ्यांदा फेकल्यावर ते वर पोचलं. बायकोनं आणि मावशीनं मिळून शेळी वर ओढली.

शेळी वर गेली आणि सगळं जग शेळीभोवती गोळा झालं. मला वरचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं. "पोट बघ गं, लागलं नाही ना?" "पुसून काढ आधी." "सावलीत घे." मी खाली उभा राहून कुणीतरी माझंही नाव काढेल याची वाट बघत होतो. कुणी काढेना. शेवटी म्हटलं, आपलं आपण चढावं. एका दगडावर पाय दिला, दगड निसटला आणि मी त्याच्यासकट खाली आलो. घोट्यात कळ अशी गेली की डोळ्यांपुढं काजवे चमकले.

"आई गं!"

मावशी कठड्यावरून वाकली. "कोण रे ते?"

"मी आहे, मावशी!"

"तू अजून आतच?"

दोरानं मी काही उचलला जाईना. दोघींनी ओढून बघितलं. मी पाण्याबाहेर गुडघ्याएवढा आलो आणि परत गेलो. मग बायको पळत जाऊन लोहाराला घेऊन आली. लोहार फार कमी बोलतो. त्यानं खाली बघितलं.

"कुठला पाय?"

"उजवा."

"मग डाव्यावर उभा राहा."

त्यानं साखळी सोडली, मी ती काखेतून बांधली, आणि वरचं टोक त्यानं माझ्याच बैलांच्या जुवाला अडकवलं. ज्या बैलांना मी जन्मभर हाकलं, ते आता मला ओढू लागले. मी मधोमध आलो आणि बैल थांबले. त्यांना कठड्याजवळ हिरवं गवत दिसलं होतं. ते गवत संपेपर्यंत मी विहिरीच्या मध्यावर गोल गोल फिरत लटकत राहिलो. तोवर गावातली निम्मी माणसं येऊन बघून गेली.

घरी आणून मला खाटेवर टाकलं. घोटा सुजून भोपळ्यासारखा झाला होता. बायकोनं पाय धुतला, चिंधी बांधली, आणि मला एक अक्षर न बोलता गाडी घेऊन एकटीच रानात गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं. मी पडल्या पडल्या दारातून बघत होतो. अंगणातलं ऊन विझल्यासारखं झालं. मग धुळीचा लोट आला. मग डोंगराकडून गडगडलं. सकाळचा तो मूठभर ढग आता गावावर ओणवा झाला होता. आणि ती तिथं एकटी. पेंढ्या उचलणार, गाडीत रचणार, बैल सांभाळणार कशी? दाराचा अडसर काढला, काखेत घेतला आणि लंगडी घालत निघालो.

बांधावर पोचलो तेव्हा माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. रानात माणसंच माणसं. न्हावी पेंढ्या आणून देतोय, गवळी आपली गाडी घेऊन आलाय, लोहार भट्टी विझवून ताडपत्री घेऊन आलाय आणि रानातच गंजी रचतोय. आणि मावशी डोक्यावर पेंढी घेऊन तुरुतुरु चालतेय.

"मावशी, तू कशाला आलीस या वयात?"

"तुझ्यासाठी नाही आले," ती न थांबता म्हणाली. "तुझी बायको एकटी दिसली."

मग मी हुकूम सोडायला लागलो. "अरे, खालची पट्टी आधी उचला! तिकडं पाणी साठतं!" कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. वारा सुटला आणि गंजीवरची ताडपत्री फडफडून उडायला लागली. लोहार माझ्याकडं आला. त्यानं मला ऐरण उचलावी तसं उचललं आणि गंजीच्या माथ्यावर, ताडपत्रीच्या मधोमध नेऊन ठेवलं.

"इथं बस. हलू नको."

"पण मी करू काय?"

"वजन."

मग गारा आल्या. सगळे गाड्यांखाली पळाले. बायकोनं एक पाटी माझ्याकडं फेकली, ती मी डोक्यावर पालथी घातली आणि बसून राहिलो. गारा पाटीवर ताशासारख्या वाजत होत्या. ताडपत्री माझ्याखाली उठायला बघत होती, मी तिला उठू देत नव्हतो. गाडीखालून न्हावी ओरडला, "धाव्या, आज बरा जागेवर बसलास!" सगळे हसले. बायको पण हसली. ते हसू बघून मला तिथंच रडू आलं. पाऊस होता म्हणून निभावलं.

खालची पट्टी भिजलीच. ती गेली. बाकीचा गहू वाचला. पाऊस उघडला आणि मी पाटी काढून दोन शब्द बोलावेत म्हणून घसा साफ केला, तोवर सगळे आपापल्या वाटेला लागले होते.

पाय जरा टेकायला लागल्यावर बायको म्हणाली, "निदान घरोघर जाऊन आभार तरी मानून या."

गवळ्याकडं गेलो. "गवळीदादा, त्या दिवशी तुम्ही..." एवढं म्हणेतो त्यानं माझ्या हातात म्हशीचं दावं दिलं. "जरा धर, गोठा लोटून घेतो." मावशीकडं गेलो. तिची शेळी व्यायली होती. "आभार?" ती म्हणाली. "ते ठेवू कुठं मी? घरात आधीच जागा नाही. आलाच आहेस तर हे पिल्लू धर, मला दूध काढू दे." पिल्लानं माझी बाही चघळून भिजवली. न्हाव्यानं तर तोंडच उघडू दिलं नाही. फेस लावून ठेवला.

शेवटी लोहाराकडं गेलो. मनाशी वाक्य नीट जुळवलं होतं. "लोहारदादा, तुमचे उपकार मी..."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग भात्याकडं बघितलं.

मी भाता ओढायला लागलो. एक फाळ झाला, दुसरा झाला, मग कुणाच्या तरी गाडीच्या चाकाची लोखंडी धाव तापवायला आली. मध्ये एकदा त्यानं नुसतं "हं" केलं. ते मला म्हणाला की लोखंडाला, कळलं नाही. ते मलाच होतं असं मी धरून चाललो.

तिन्हीसांजेला लंगडत घरी आलो. बायको दारातच उभी होती. माझ्या अंगावरची काजळी खालपासून वरपर्यंत न्याहाळत म्हणाली, "अहो, कुठं तोंड काळं करून आलात?"

"आभार मानून आलो," मी म्हणालो.