सर, सही?

घरात हिंदी शब्द शिरला की जयंत देवपुजारीच्या कपाळाला आठी पडायची. वडील नागपूरहून भोपाळच्या कारखान्यात आले, जयंत टाउनशिपच्या क्वार्टरमध्येच वाढला. मराठी मात्र त्याला सोवळ्यातली लागायची. मुलीने ‘डबा खाली आहे’ म्हटलं की हा विचारणार, “कशाच्या खाली?” मग बायको शालिनी पुटपुटायची, “अति शहाणा त्याचा बैल रिकामा.”

जयंतची नोकरी होती खेड्यापाड्यांत मोबाइलचं नेटवर्क पोचवणाऱ्या सरकारी योजनेत, आणि घरी स्वयंपाकाला येणारी गोमती होती अशाच एका खेड्यातली. तिची म्हातारी आई गावी एकटी. घरात फोन मुका. गुडघे धरत टेकडीवरच्या देवळाच्या ओट्यापर्यंत चढली, तरच लेकीचा आवाज कानी पडायचा. यंदा त्या गावाला टॉवर मिळायचा होता. जयंतने छातीठोकपणे सांगून टाकलं, “गोमती, इस साल अम्मा आँगन में बैठके बात करेगी.” त्या दिवशी गोमतीने कुणी न सांगता शिरा केला.

पाहणीला जयंत स्वतः गेला. ऊन रणरणत होतं, म्हणून टेकडीवर जीपमध्येच बसून शालिनीशी मराठी मंडळाच्या नाटकावरून फोनवर वाद घालत राहिला. तिथे नेटवर्क झकास. हाताखालच्या श्यामनेही वस्तीत उतरायचा कंटाळा केला आणि देवळाच्या ओट्यावरच सिग्नल मोजला. तरी बिचाऱ्याचं मन खात होतं. टॅब पुढे करून त्याने विचारलं, “सर, सही?”

हे बरोबर आहे का, असं तो हिंदीत विचारत होता. आमच्या सोवळ्या मराठीला ऐकू आली ती सही. फोन कानाला तसाच ठेवून, न बघता, जयंतने पडद्यावर बोटाने आपलं नाव गिरवलं. श्यामला वाटलं, साहेबांनी होकार दिला. गावात सिग्नल आहे असं वर कळलं, आणि टॉवर दुसऱ्याच गावाला गेला.

समजलं तेव्हा जयंत महाराणा प्रताप नगरातल्या हापिसात धावला. वरिष्ठ हसले. “दस्तखत तो आप ही के हैं. दोबारा जाँच करवाएँगे तो सवाल आप पर ही उठेगा.” जयंत चहा पिऊन परत आला. हिंमत झाली नाही, एवढंच खरं. शालिनीला त्याने सगळं सांगितलं. गोमतीला म्हणाला, “ऊपरवालों ने काट दिया.”

पावसाळ्यात ओट्यावर शेवाळ धरतं, त्यामुळे म्हातारीचा फोन येईनासा झाला. तो आला थेट दिवाळीत. गोमती फोन खांद्याशी दाबून पोळ्या लाटत होती. जयंत जेवायला बसला होता. पलीकडून आई टॉवरचंच विचारत असावी.

“नहीं अम्मा, साहब को कुछ मत बोल,” गोमती म्हणाली. “साहब ने तो सही किया था.”

शालिनीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा घास तोंडातच फिरत राहिला. आत्ता सांगावं, असं त्याला फार वाटलं. म्हातारी अजून फोनवर होती. गोमतीने गरम पोळी वाढली, वर तूप सोडलं.

“और एक दूँ, साहब?”

जयंतने तोंड उघडलं. “हाँ,” तो म्हणाला, “एक और.”