नॉर्मन वेल्स ते इनुविक

नॉर्मन वेल्सहून इनुविकला जायचं तर दोन दिवस मोडतात, असं ईव्हाबाईंचा थोरला मुलगा याकोव वर्षभर फोनवर सांगत होता. धाकटा नाथन इनुविकला एकटाच आजारी होता. "एकदा जाऊन ये रे त्याच्याकडे," असं त्या टोरंटोहून काकुळतीला येऊन म्हणायच्या.

"आई, तुला नॉर्थमधली अंतरं कळायची नाहीत. रस्ता नाही, विमानाचा भरवसा नाही."

त्यांना ते पटायचं. उलट त्या नाथनचीच समजूत घालायच्या, भावावर राग धरू नकोस म्हणून.

गेल्या महिन्यात नाथन गेला. त्याची खोली आवरायला आज त्या नॉर्मन वेल्समधल्या याकोवच्या घरून त्याच्याबरोबर इनुविकला निघाल्या होत्या. दोन दिवसांचा प्रवास म्हणून पिशवीत चपात्या, औषधं, जादा स्वेटर असं सगळं घेतलं होतं. विमान वर गेलं, थोड्या वेळाने चहा आला. पहिल्याच घोटाला जीभ पोळली, म्हणून त्या फुंकर घालत बसल्या.

तेवढ्यात पट्टे बांधायची सूचना झाली. इनुविक आलं होतं. निघून तासही झाला नव्हता.

कप गोळा करणारी मुलगी याकोवकडे बघून ओळखीचं हसली. "नो फिशिंग रॉड धिस टाइम?"

याकोव खिडकीबाहेर बघायला लागला.

ईव्हाबाईंनी कप त्या मुलीला दिला नाही. तो याकोवच्या हातात कोंबला.

"धर. तुझ्या दोन दिवसांत हा निवलासुद्धा नाही."